उंदराच्या पेशीने दिलेला होकार, माणसाच्या पेशीचा नकार: बीटा पेशींच्या पुनर्निर्मितीसाठी औषध शोधणाऱ्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील संशोधन गट, त्याची संस्था आणि संयुगाचा मूळ सांकेतिक क्रमांक येथे दिलेला नाही. संयुगाचा उल्लेख सर्वत्र 'क' असा केला आहे. प्रकल्पात सूक्ष्मदर्शकाखालील मोजणीचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे पुढे ज्या चुकांविषयी लिहिले आहे, त्यांतील काहींची जबाबदारी माझीही आहे.

पार्श्वभूमी

टोरोंटोत जानेवारी १९२२ मध्ये एका मुलाला मधुमेहावर पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले, आणि तोवर हमखास जीवघेणा असलेला प्रकार १ चा मधुमेह आयुष्यभर सांभाळता येण्याजोगा आजार झाला. मात्र इन्सुलिन उणीव भरून काढते, ते बनवणारी पेशी परत आणत नाही. प्रकार १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचा नाश करते. प्रकार २ मध्ये शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो आणि कालांतराने बीटा पेशींची संख्याही घटते. दोन्हीकडे प्रश्न एकच उरतो: उरलेल्या बीटा पेशींना पुन्हा विभाजित व्हायला लावता येईल का?

या प्रश्नाची दिशा २००४ मध्ये बरीचशी ठरली. डग्लस मेल्टन यांच्या हार्वर्डमधील गटाने प्रौढ उंदरातील बीटा पेशींवर कायमची खूण करून त्यांच्या वंशाचा माग काढला, तेव्हा नव्या बीटा पेशी मुख्यतः जुन्या बीटा पेशींच्याच विभाजनातून येतात असे दिसले. म्हणजे औषध शोधायचे तर ते या विभाजनाला चालना देणारे हवे. अडचण अशी की माणसाच्या बीटा पेशी तान्ह्या वयात जेवढ्या विभाजित होतात तेवढ्याच, आणि त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने उतरते. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडाच्या चकतीवर विभाजित होणारी एखादी बीटा पेशी शोधायची म्हटले तरी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसावे लागते. उंदरांच्या आणि विशेषतः कोवळ्या उंदरांच्या बीटा पेशी त्या मानाने सहज विभाजित होतात. या क्षेत्रातील बऱ्याच निराशेचे मूळ या एका फरकात आहे. जीएलपी-१ वर्गातील औषधांनी (इन्सुलिन स्रवायला मदत करणाऱ्या आतड्यातील संप्रेरकासारखे काम करणाऱ्या) उंदरांत बीटा पेशी वाढवल्या, पण प्रौढ माणसाच्या पेशींवर ती एकटी तसा परिणाम दाखवू शकली नाहीत.

प्रकल्प सुरू झाला तेव्हा आमच्यासमोर दोन ठळक उदाहरणे होती. पहिले बीटाट्रोफिनचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या संप्रेरकामुळे उंदरातील बीटा पेशींचे विभाजन सरासरी १७ पट वाढते असे म्हटले होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही बीटा पेशी तशाच वाढतात असे दाखवले. त्यानंतर मूळ गटाने आणखी एका गटासोबत, कोणत्या उंदराला काय दिले आहे हे मोजणाऱ्याला न सांगता, प्रयोग पुन्हा केले. आधीचा निष्कर्ष टिकला नाही आणि डिसेंबर २०१६ मध्ये निबंध मागे घेतला गेला. तो गट स्वतःहून त्या तपासाला सामोरा गेला, याबद्दल मला आजही आदर वाटतो.

दुसरे उदाहरण हार्मिनचे. न्यूयॉर्कमधील माउंट सायनाय येथील अँड्र्यू स्ट्युअर्ट यांच्या गटाने एक लाखाहून अधिक संयुगे चाळून २०१५ मध्ये हे वनस्पतिजन्य संयुग पुढे आणले. ते डर्क-१ए नावाच्या काइनेजला, म्हणजे फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला, रोखते. हे काइनेज एनएफएटी या प्रथिनाला फॉस्फेट जोडून केंद्रकाबाहेर पाठवत असते. काइनेज अडवले की एनएफएटी केंद्रकात राहते आणि पेशीचक्राची जनुके जागी होतात. हार्मिनने माणसाच्या बीटा पेशींपैकी दीड ते तीन टक्के पेशींत विभाजनाची खूण उमटवली. आकडा छोटा वाटतो, पण प्रौढ मानवी बीटा पेशीला एखाद्या औषधी रेणूने हलवल्याचे इतके खात्रीचे उदाहरण तोवर नव्हते. पुढे २०१६ मध्ये ५-आयोडोट्यूबरसिडिन या संयुगाची कथा बाहेर आली. हे संयुग अ‍ॅडेनोसिन काइनेजला रोखणारे म्हणून आधीपासून माहीत होते, मात्र मानवी बीटा पेशींवरील त्याचा परिणाम डर्क-१ए मार्फत होतो असे दिसले. आमच्या प्रकरणाचा पीळ या शेवटच्या वाक्यातच आहे.

प्रकल्पाची रचना आणि पहिले यश

मानवी आयलेट, म्हणजे लँगरहान्सची बेटे (बीटा पेशी ज्यांत असतात ते स्वादुपिंडातील पेशींचे पुंजके), मृत अवयवदात्यांच्या ज्या स्वादुपिंडांचा प्रत्यारोपणासाठी उपयोग होत नाही, त्यांतून वेगळी केली जातात. ती मोजकी मिळतात, केव्हा मिळतील ते सांगता येत नाही, आणि प्रत्येक कुपीमागे एका कुटुंबाने दुःखाच्या क्षणी घेतलेला निर्णय असतो. हजारो संयुगांची पहिली चाळणी त्यांच्यावर लावणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. म्हणून पहिली चाळणी मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या आयलेटमधून सुट्या केलेल्या पेशींवर करायची आणि तिथे निवडलेली संयुगे मानवी आयलेटवर तपासायची, असे ठरले. कायम वाढत राहणाऱ्या बीटा पेशींच्या वाणांचा विचार झाला होता, परंतु मुळातच न थांबणाऱ्या पेशीत वाढीची चालना शोधणे निरर्थक ठरले असते.

चाळणीतून 'क' पुढे आले. मात्रेनुसार परिणाम वाढत होता, पेशी मरत नव्हत्या आणि रॅटच्या बीटा पेशींतील विभाजनाची खूण स्पष्ट होती. रेणूची रचना न्यूक्लिओसाइडसारखी, म्हणजे डीएनए-आरएनएच्या घटकांसारखी होती. रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्याने पहिल्याच बैठकीत तसे सांगितले आणि सगळ्यांना एकदम ५-आयोडोट्यूबरसिडिन आठवले. ज्या साम्यामुळे शंका यायला हवी होती, त्यानेच आमचा हुरूप वाढवला. 'क' डर्क-१ए ला रोखत असणार, असे कुणी फळ्यावर लिहिले नाही, पण त्या दिवसापासून सगळे जण तसेच बोलू लागले. पुढच्या अहवालांत 'संभाव्य' हा शब्द एकदा आला आणि नंतर गळला.

पहिल्या मानवी दात्याच्या आयलेटवर 'क' ने विभाजनाची खूण, म्हणजे केआय-६७, नियंत्रण नमुन्याच्या (संयुग न लावलेल्या नमुन्याच्या) तुलनेत उठून दिसेल इतकी वाढवली. त्या आठवड्यात प्रकल्पातील प्रत्येकाला आपण योग्य वाटेवर आहोत असे वाटले. मलाही वाटले.

अडचण

दुसऱ्या दात्यात परिणाम निम्म्यावर आला आणि तिसऱ्यात जवळजवळ नाहीसा झाला. पहिले स्पष्टीकरण दात्यांच्या वयाचे होते: तिसरा दाता वयाने मोठा होता, आणि वयानुसार बीटा पेशींची विभाजनक्षमता घटते हे खरेच आहे. स्पष्टीकरण इतके सोयीचे होते की त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

खरी शंका आली ती एका प्रतिमेवरून. पहिल्या दात्याच्या स्लाइडवर मी वारंवार दाखवत असलेली एक पेशी होती: मधोमध हिरवे, केआय-६७ असलेले केंद्रक आणि त्याभोवती इन्सुलिनचा लाल गराडा. सादरीकरणासाठी तिचा अधिक स्पष्ट फोटो हवा म्हणून मी ती एकेक पातळ थर वेगळा दाखवणाऱ्या कॉनफोकल सूक्ष्मदर्शकावर नेली आणि खालून वर एकेक प्रतल पाहत गेले. हिरवे केंद्रक खालच्या तीन प्रतलांत होते. लाल रंग त्यानंतरच्या प्रतलात सुरू झाला आणि त्याच्या मधोमध त्याचे स्वतःचे, न चमकणारे केंद्रक होते. म्हणजे त्या एका पेशीच्या जागी दोन पेशी एकावर एक पडल्या होत्या. वरून पाहताना विभाजित होणाऱ्या पेशीला शेजारणीचा रंग चढला होता. मग मी मागे जाऊन 'होकारार्थी' म्हणून मोजलेल्या इतर पेशी तशाच तपासल्या. काही खऱ्या होत्या, पण बऱ्याच नव्हत्या, आणि काही ठिकाणी लांबट केंद्रकाच्या पेशीवर मेलेल्या बीटा पेशीतून सांडलेले इन्सुलिन नुसते चिकटलेले होते.

हे मी गटासमोर मांडले तेव्हा 'क' मानवी आयलेटयुक्त उंदरांत नेण्याची तयारी सुरू झालेली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पुढे जाण्याचा होता. मानवी आयलेट प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसवायचे, 'क' द्यायचे आणि बीटा पेशी वाढतात का ते थेट पाहायचे. याच्या बाजूचे मत कमकुवत नव्हते. बशीतल्या आयलेटना रक्तपुरवठा नसतो, त्यांची प्रकृती दिवसागणिक बिघडते, आणि जिवंत शरीरातील उत्तर हेच शेवटी महत्त्वाचे असते. शिवाय प्राणी-सुविधेतील जागा आरक्षित होती आणि ती सोडली तर पुन्हा मिळायला वेळ लागणार होता.

दुसरा पर्याय थांबून पेशींची ओळख पटवण्याचा: नवे दाते, अधिक कडक खुणा आणि नमुना कशाचा आहे हे न सांगता मोजणी. याचा अर्थ आधीच दुर्मीळ असलेले आयलेट केवळ खातरजमेसाठी वापरणे, आणि कदाचित स्वतःचाच दावा खोडून काढणे.

तिसरा पर्याय 'क' बाजूला ठेवून डर्क-१ए रोखणाऱ्या ज्ञात रेणूंच्या वाटेने जाण्याचा होता. या वाटेवर इतर गट बरेच पुढे होते. हार्मिन मोनोअमाइन ऑक्सिडेजलाही रोखते, त्यामुळे त्याचे मज्जासंस्थेवरील परिणाम आणि मळमळ ही मोठी अडचण असते. डर्क-१ए तर शरीरात जवळपास सगळीकडे असते. बीटा पेशीलाच विभाजनाचा आदेश द्यायचा आणि बाकीच्यांना नाही, हा प्रश्न तिथेही सुटलेला नव्हता.

'क' चे लक्ष्य नेमके कोणते हे आधी मोजावे, असा चौथा पर्याय त्या बैठकीत कुणीही मांडला नाही. इतिवृत्त पुन्हा वाचताना मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत जलद आणि एकही मानवी आयलेट न लागणारा प्रयोग आमच्या यादीतच नव्हता, कारण त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे आम्ही धरून चाललो होतो.

निर्णय आणि कृती

निर्णय तडजोडीचा झाला. प्राण्यांवरचे काम पुढे ढकलले, ओळख पटवण्याचे काम हाती घेतले, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून रसायनशास्त्राच्या तुकडीने 'क' ची सुधारित रूपे बनवणे चालू ठेवले. ही रूपे कशावर तपासायची? मानवी आयलेट उपलब्ध नसल्याने रॅटच्या पेशींवर. त्या वेळी हे समंजस वाटले होते.

मोजणीची पद्धत मात्र पूर्ण बदलली. इन्सुलिन पेशीद्रवात असते आणि केआय-६७ केंद्रकात, म्हणून दोघांची गल्लत होऊ शकते. त्याऐवजी एनकेएक्स६.१ हे बीटा पेशीच्या केंद्रकातच असणारे प्रथिन खूण म्हणून घेतले, जेणेकरून दोन्ही रंग एकाच केंद्रकात दिसले तरच पेशी मोजली जाईल. बीटा नसलेल्या पेशी ओळखता याव्यात म्हणून नलिकेच्या पेशींसाठी सायटोकेरॅटिन-१९ आणि संयोजी ऊतीच्या पेशींसाठी व्हायमेंटिन यांचे रंग जोडले. केआय-६७ असणे म्हणजे विभाजन पूर्ण होणे नव्हे. पेशीचक्रात शिरून अडकलेली किंवा डीएनएला इजा झालेली पेशीही तो रंग दाखवू शकते. म्हणून प्रत्यक्ष विभाजनावस्थेची आणि डीएनए-इजेची स्वतंत्र खूण घेतली. स्लाइडवरील लेबले प्रकल्पाबाहेरच्या सहकाऱ्याने झाकली आणि मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे केली.

सर्वांत उपयोगी बदल वरकरणी सामान्य होता: प्रत्येक दात्याच्या आयलेटवर 'क' सोबत हार्मिनही लावायचे. याआधी आमच्याकडे फक्त नकारात्मक नियंत्रण होते. परिणाम दिसला नाही तर दोष संयुगाचा, दात्याचा की आमच्या हाताचा, हे सांगण्याची सोयच नव्हती. वयाचे स्पष्टीकरण इतके दिवस टिकले ते त्यामुळेच.

निष्पत्ती

लेबले उघडली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. नव्या दात्यांच्या आयलेटमध्ये हार्मिनने बीटा पेशींत विभाजनाची खूण उमटवली होती, वयाने मोठ्या दात्यातसुद्धा. म्हणजे पेशी सक्षम होत्या आणि आमची पद्धतही ठीक होती. 'क' लावलेल्या नमुन्यांत चमकणारी बहुतेक केंद्रके व्हायमेंटिनच्या बाजूची निघाली, काही नलिकेच्या पेशींची. एनकेएक्स६.१ असलेली केंद्रके नियंत्रण नमुन्याइतकीच होती. पहिल्या दात्याच्या आयलेटमध्ये संयोजी पेशींची भेसळ जास्त होती आणि आम्ही तिलाच यश समजलो होतो.

पण मग रॅटमधील परिणामाचे काय? तिथल्या स्लाइड नव्या पद्धतीने मोजल्या तर परिणाम खरा होता. 'क' रॅटच्या बीटा पेशींना खरोखरच विभाजित करत होते. या कोड्याने अखेर लक्ष्याचा प्रश्न टेबलावर आला. शुद्ध विकरांवर केलेल्या चाचणीत 'क' ने अ‍ॅडेनोसिन काइनेजला घट्ट रोखले आणि डर्क-१ए ला जवळजवळ स्पर्शही केला नाही. अ‍ॅडेनोसिन काइनेज रोखल्याने रॅट-उंदरांच्या बीटा पेशी विभाजित होतात हे २०१२ पासून प्रसिद्ध होते. ५-आयोडोट्यूबरसिडिन हे एकच संयुग दोन्ही काइनेजना रोखते. उंदराच्या पेशीला त्यातले एक पुरते, माणसाच्या पेशीला दुसरे लागते. आमच्या संयुगाने त्यातला नेमका पहिला अर्धा भाग उचलला होता. रेणू दिसायला सारखा होता, काम वेगळे करत होता.

याचा सर्वांत मोठा फटका तडजोडीच्या दुसऱ्या अर्ध्याला बसला. रसायनशास्त्राच्या तुकडीने तोवर बनवलेली रूपे रॅटच्या पेशींवरील परिणाम वाढवत नेणारी होती, म्हणजे ती पायरीपायरीने अ‍ॅडेनोसिन काइनेजसाठी अधिकाधिक चोख होत गेली होती आणि आम्हाला हव्या असलेल्या लक्ष्यापासून तितकीच दूर. त्या सहकाऱ्यांचे काम उत्तम होते. त्यांना दाखवलेली दिशा चुकीची होती. 'क' चा पाठपुरावा थांबवला.

प्रकल्प मात्र थांबला नाही. पहिल्या चाळणीत रॅटच्या पेशींवर क्षीण परिणाम दिला म्हणून मागे ठेवलेली काही संयुगे थेट डर्क-१ए वर तपासली. त्यांतील एक, न्यूक्लिओसाइडशी काहीही साम्य नसलेले, डर्क-१ए ला रोखणारे निघाले आणि नव्या पद्धतीच्या मोजणीत मानवी बीटा पेशींवरही त्याचा परिणाम टिकला. ते डर्कच्या जवळच्या सीएलके कुळातील काइनेजनाही रोखते, त्यामुळे त्याच्यावर अजून बरेच काम आहे. जीएलपी-१ वर्गातील औषधासोबत ते देऊन पाहण्याचे काम सुरू झाले आहे. हार्मिन आणि याच वर्गातील एक्सेन्डिन-४ एकत्र दिल्यावर उंदरांत बसवलेल्या मानवी आयलेटमधील बीटा पेशींचे वस्तुमान तीन महिन्यांत सरासरी चार ते सात पट झाल्याचे २०२४ मध्ये माउंट सायनायच्या गटाने दाखवले आहे. तिथे नुसती केआय-६७ ची खूण मोजलेली नाही, प्रत्यक्ष वस्तुमान मोजले आहे. आमच्या पुढच्या प्रयोगांनाही आता तोच मापदंड आहे.

वेगळे काय करता आले असते

मोजणी आधीपासून आंधळी असती तर पहिल्या दात्याचा निकाल इतका फुगला नसता, हे खरे आहे. तरीही माझ्या मते मुख्य चूक ती नव्हे. मोजणीतील चूक तिसऱ्या-चौथ्या दात्यापर्यंत कधी ना कधी उघडी पडलीच असती. न विचारलेला प्रश्न मात्र आपोआप उघडा पडत नाही. रचनेतील साम्यावरून लक्ष्य ठरवले गेले, त्याच दिवशी शुद्ध विकरावरची चाचणी लावली असती तर काही आठवड्यांत उत्तर मिळाले असते, आणि मानवी आयलेटच्या निदान तीन कुप्या वाचल्या असत्या. त्या कुप्यांचे ओझे मला रसायनांच्या खर्चापेक्षा अधिक जाणवते.

तडजोडीबद्दल गटात अजूनही दोन मते आहेत. काहींच्या मते रसायनशास्त्राचे काम थांबवले असते तर तुकडीच विखुरली असती आणि नंतरचे संयुग हाती आलेच नसते. यात तथ्य आहे. पण काम चालू ठेवायचेच होते तर ते शंकेखाली असलेल्या संयुगावर, शंकेखाली असलेल्या कसोटीने चालवण्याऐवजी मागे ठेवलेल्या संयुगांच्या लक्ष्य-चाचण्यांवर वळवता आले असते. ज्या संयुगाने आज प्रकल्प तगला आहे, ते त्या सगळ्या काळात आमच्याच फ्रीजरमध्ये होते.

चाळणीची रचना बदलावी का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. रॅटच्या पेशींनी चुकीचे संयुग पुढे आणले आणि योग्य संयुगाला मागे ढकलले, तरीही मानवी आयलेट पहिल्या चाळणीला पुरणार नाहीत ही वस्तुस्थिती बदललेली नाही. मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी बीटा पेशी आता उपलब्ध होत आहेत आणि मधली पायरी म्हणून त्या तपासण्याजोग्या आहेत. मात्र त्या पुरेशा परिपक्व नसतील तर सहज विभाजित होतील आणि उंदराच्या पेशीसारखाच फसवा होकार देतील, ही धास्ती मला आहे.

आणखी एक बाब आमच्या कागदपत्रांत फारच उशिरा आली. हे सगळे प्रयोग मधुमेह नसलेल्या दात्यांच्या आयलेटवर झाले. प्रकार १ मध्ये नव्याने जन्मलेली बीटा पेशी त्याच रोगप्रतिकारक हल्ल्याच्या तावडीत सापडते. टेप्लिझुमॅब या औषधाला नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि हा हल्ला काही काळ लांबवता येतो हे सिद्ध झाले, पण विभाजनाची चालना आणि प्रतिकारशक्तीला आवर या दोन गोष्टी एकत्र तपासण्याची योजना आमच्या मूळ आराखड्यात नव्हती. सुधारित आराखड्यात ती आहे. त्याचबरोबर, प्रकार २ असलेल्या दात्यांचे आयलेट मिळतील तेव्हा त्यांतील काही भाग पहिल्या दिवसापासून या कामासाठी राखून ठेवायचा, असेही त्यात लिहिले आहे. तशा आयलेटची पहिली कुपी अद्याप यायची आहे.